स्क्वेअर वेव्ह तिरकी झाली तेव्हा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी प्रोजेक्टला फंक्शन जनरेटर, म्हणजे ठरावीक आकाराच्या विद्युत लहरी काढणारं यंत्र, निवडला तो केवळ आळसापोटी. 741 नावाचे दोन ऑप-अ‍ॅम्प आयसी, मोजके रेझिस्टर, एक कपॅसिटर, संपलं! एक आयसी स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहर, काढतो, दुसरा तिचं इंटिग्रेशन करून त्रिकोण बनवतो. त्रिकोण ठरलेल्या उंचीला पोचला की पहिला आयसी पलटी मारतो आणि त्रिकोण उतरायला लागतो. गणितात ज्या इंटिग्रेशनने घाम फोडला होता, ते इथे एक कपॅसिटर निमूटपणे करत होता.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं. दुकानातल्या काकांनी आयसीबरोबर बेसही, म्हणजे आयसी खोचायचे सॉकेट, घ्यायला लावले. "थेट सोल्डर करू नका रे, नंतर रडाल." आम्हाला वाटलं, काका माल खपवताहेत.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर, जोडणी केली आणि काहीच हललं नाही. आउटपुट 8 व्होल्टवर चिकटून बसलेला. 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्यांच्या मधल्या जोडाला ग्राउंड, हे सगळं बरोबर होतं. दोन संध्याकाळी गेल्यावर पार्टनरने रेझिस्टरचे रंग पुन्हा वाचले. त्रिकोणाकडून येणारा 10 के (के म्हणजे हजार ओहम) आणि स्क्वेअरकडून येणारा 22 के यांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे पलटी मारायला त्रिकोण 17 व्होल्टच्या पुढे जायला हवा होता. 9 व्होल्टची बॅटरी एवढे व्होल्ट कुठून आणणार?

रेझिस्टर बदलले आणि सर्किट चाललं. होस्टेलवर लहर पडद्यावर दाखवणारा सीआरओ कुठला! जुना इअरफोन 1 के रेझिस्टरमधून लावला. स्क्वेअर कानात टोचत होती, त्रिकोण त्याच सुराचा पण मऊ. त्या रात्री अर्ध्या होस्टेलने तो इअरफोन कानाला लावून पाहिला.

मग सगळं झिरो पीसीबीवर, म्हणजे सोल्डर करायच्या भोकाभोकांच्या बोर्डावर, उतरवलं आणि लॅबमध्ये गेलो. 500 हर्ट्झला चित्र देखणं. पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) फिरवत फ्रिक्वेन्सी वाढवत गेलो तशा स्क्वेअरच्या उभ्या कडा कलायला लागल्या, त्रिकोणाची टोकं गोल झाली. 100 के पॉट, जोडीला 4.7 के आणि 0.01 मायक्रोफॅरड, म्हणजे हिशेबाने साडेअकरा हजार हर्ट्झच्या पुढे जायला हवं होतं. आम्ही साडेसहा हजारांवर अडकलो. प्रोब बदलला, ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेले जोड, शोधले, कपॅसिटरला शिव्या घातल्या. लॅबचे मामा दोनदा किल्ल्या वाजवून गेले.

शेवटी मॅडमनी विचारलं, "741 चा स्लू रेट किती रे?" म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतो. डेटाशीट उघडली: मायक्रोसेकंदाला 0.5 व्होल्ट. आमची स्क्वेअर उणे 8 वरून अधिक 8 ला जायची. म्हणजे 16 व्होल्ट चढायला 32 मायक्रोसेकंद, आणि साडेअकरा हजारांवर अर्धी वेव्हच सुमारे 43 मायक्रोसेकंदांची. बिचारा आयसी जिने चढण्यातच दमत होता. सूत्रात ही चढण धरलेलीच नव्हती.

टीएल081 या दुसऱ्या ऑप-अ‍ॅम्प आयसीची पिनरचना 741 सारखीच, वेग मात्र कितीतरी जास्त. बेसमधून दोन्ही 741 उपटले, नवे खोचले. सोल्डरिंग गन तापवावीही लागली नाही. कडा ताठ उभ्या राहिल्या आणि वेव्ह अकरा हजारांच्या पुढे गेली.

तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलनी बोर्ड उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आयसीला बेस लावलेत, छान. कुणी सांगितलं?"

"तपकीर गल्लीतल्या काकांनी, सर."