शंभर प्रश्न आणि तीन-पंचमांश

मुलाखतीची तारीख आली आणि अमेरिकन नागरिकत्वाच्या 100 प्रश्नांची यादी मी फ्रिजवर चिकटवली. तेव्हा त्यातले 10 तोंडी विचारायचे, 6 बरोबर आले की पास. पोळ्या लाटता लाटता पाठ करायचे. काही राज्यांचे प्रतिनिधी जास्त का? लोकसंख्येमुळे. आठवीतली लेक म्हणाली, "पण आई, मोजायचं कोणाला यावरच तर भांडण झालं होतं!"

रात्री राज्यघटना उघडली. मूळ मजकुरात 'गुलाम' हा शब्द शोधून सापडेना. आहे ते 'इतर सर्व व्यक्ती', आणि त्या मोजायच्या तीन-पंचमांश. हे प्रमाण 1783 मध्ये आधी राज्याराज्यांत लोकसंख्येप्रमाणे कर वाटण्यासाठी निघालं होतं. तेव्हा गुलाम जास्त असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना ते कमी मोजलेले हवे होते. 1787 मध्ये फिलाडेल्फियातल्या घटनासभेत प्रतिनिधींच्या जागावाटपाचा विषय निघाला, तर पूर्ण मोजलेले! 1790 च्या जनगणनेत साउथ कॅरोलिनाचे 2,49,073 लोक, त्यातले 1,07,094 गुलाम. त्यांना मत नाही, पण त्यांच्या जिवावर 64,000 वर डोकी मालकांच्या पारड्यात.

उत्तर भली, दक्षिण वाईट, असं माझं आपलं सोपं गणित होतं. ते पुढच्या सौद्याने मोडलं. उत्तरेकडच्या जहाजवाल्या न्यू इंग्लंडला व्यापाराचे कायदे साध्या बहुमताने व्हायला हवे होते, दक्षिणेला दोन-तृतीयांशाची अट. दक्षिणेने अट सोडली, आणि बदल्यात गुलामांच्या आयातीला 1808 पर्यंत हात लावायचा नाही असं ठरलं. न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायरने त्या मुदतीच्या बाजूने मत दिलं. दक्षिणेतली व्हर्जिनिया विरोधात! पण तिच्याकडे गुलाम गरजेपेक्षा जास्त, आयात थांबली की त्यांचा भाव चढणार, असं साउथ कॅरोलिनाच्या पिंकनींनी सभेत सुनावलं होतं. आमची न्यू जर्सीही विरोधात होती, म्हणून जरा बरं वाटलं. मग वाचलं, इथे गुलामगिरी पुरती संपायला 1865 उजाडलं.

मुलाखतीत पाचवा प्रश्न: यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या सांगा. यादीत तीन उत्तरं होती: गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क. मी म्हटलं, "गुलामगिरी. आणि आर्थिक..."

"एकच पुरे," बाई म्हणाल्या आणि बरोबरची खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.