‘आई’ किती बाइटची?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी एफ.वाय. बी.कॉम.ला माहिती तंत्रज्ञानाची ओळख शिकवते. मुलं आसपासच्या गावांतून एसटीने येतात. पहिल्या वर्षी मी पुस्तकाच्या क्रमाने गेले: इनपुट-प्रोसेस-आउटपुटची आकृती, मग बिट-बाइट ही माहिती मोजायची मापं, मग रॅम आणि हार्ड डिस्क. व्याख्या सगळ्यांच्या पाठ होत्या.

लॅबमध्ये एका मुलीला म्हटलं, "कालची फाईल उघड." तिने वर्ड उघडलं, यादी खालीवर केली आणि रडवेली झाली. "इथंच हुती की मॅडम, गेली वाटतं." फाईल कुठेच गेली नव्हती. मधल्या वेळात दुसरी बॅच त्या कॉम्प्युटरवर बसली होती, त्यामुळे अलीकडच्या फाइलींच्या यादीतून त्या फाइलीचं नाव खाली सरकून बाहेर पडलं होतं, इतकंच. ही मुलं फोनवर वाढली आहेत. फोटो गॅलरीत असतो, पीडीएफ व्हॉट्सअपमध्ये असते. प्रत्येक फाईलला एक जागा असते आणि त्या जागेला पत्ता असतो, हे जाणून घ्यायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

पुढचे दोन आठवडे मी दुसरं काही शिकवलं नाही. प्रत्येकाने फाइलीचा पत्ता वहीत लिहायचा: डी ड्राइव्ह, वर्ग, रोल नंबर, फाइलीचं नाव. पाकिटावर आपण आधी नाव, मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा लिहितो. इथे उलटं, जिल्ह्यापासून घरापर्यंत यायचं. हे मात्र एकदा सांगून पक्कं बसलं.

बिट-बाइटची व्याख्या तर मी आता शेवटी सांगते. आधी नोटपॅडमध्ये ‘आई’ एवढाच शब्द लिहायचा, सेव्ह करायचा आणि प्रॉपर्टीजमध्ये साइझ बघायचा. माझ्या हिशेबाने उत्तर 6 यायला हवं होतं, कारण यूटीएफ-8मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. नव्या कॉम्प्युटरच्या रांगेत 6 आलं. विंडोज 7च्या जुन्या रांगेत यूटीएफ-8 निवडलेल्यांना 9 आलं. एका मुलाने सेव्ह करताना आलेला इशारा न वाचताच ओके केलं होतं, त्याला 2. त्याने फाईल पुन्हा उघडली तर आईच्या जागी दोन प्रश्नचिन्हं!

2चं उत्तर मला लगेच देता आलं: जुनं नोटपॅड आपणहून एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह करतं, त्यात देवनागरी नाही, म्हणून दर चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह. 9साठी मी एक दिवस मागून घेतला. रात्री ती फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. ‘आ’च्या आधी ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट बसलेले होते. जुनं नोटपॅड यूटीएफ-8 फाइलीच्या सुरुवातीला ही न दिसणारी खूण घालतं. दुसऱ्या दिवशी ते तीन बाइट पडद्यावर दाखवले तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली. शिकवताना इतका आनंद मला क्वचितच झाला आहे.

मग ‘क्ष’. डोळ्यांना एक अक्षर, नव्या रांगेत साइझ 9. बॅकस्पेस एकदाच दाबलं की ‘ष’ जातो आणि पाय मोडलेला ‘क्’ उरतो. क, हलन्त, ष. प्राथमिक शाळेत बाईंनी शिकवलेली जोडाक्षराची फोड कॉम्प्युटर जशीच्या तशी पाळतो.

सत्र संपताना त्याच फाईल हरवलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, इमोजीला किती?" हसऱ्या चेहऱ्याला 4 आले. मग तिने फोनवरचा तिरंगा स्वतःला मेल करून नव्या रांगेतल्या नोटपॅडमध्ये चिकटवला. झेंडा दिसलाच नाही; आय आणि एन अशी दोन इंग्रजी अक्षरं उमटली. साइझ 8. चार-चार बाइटची दोन चिन्हं. फोन ती जोडून झेंडा दाखवतो, विंडोज सुटी दाखवतं.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे तिरंगा पण जोडाक्षरच हाय की!"