पहिली एल्क-शिकार: आधी मांसाचं गणित

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्कच्या, म्हणजे तिथल्या हरीण-कुळातल्या मोठ्या जनावराच्या, शिकारीला पहिल्यांदा निघणारे लोक रायफल, दुर्बीण आणि बूट निवडण्यात महिने घालवतात. आमचा आग्रह आहे की हिशोब उलट्या बाजूने मांडावा. जनावर पडल्यावर ते डोंगरातून बाहेर कसं आणणार, हे आधी ठरवा.

पूर्ण वाढलेला नर एल्क तीनशे किलोच्या पुढे भरतो, म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही दांडगा. हाडं काढली तरी ९० ते १०० किलो मांस उरतं. एका माणसाच्या त्या पाच खेपा. गाडी दोन मैलांवर असेल तर एकूण १८ मैल चालणं होतं, त्यातले १० मैल पाठीवर ओझं घेऊन, तेही आठ-दहा हजार फूट उंचीवरच्या विरळ हवेत. एकट्याने जायचं असेल तर गाडीपासून दीड मैलापलीकडे शिकार करू नये. दोन धडधाकट जोडीदार असतील तर पुढे जायला हरकत नाही. रस्त्यालगतचे कळप गोळ्यांच्या आवाजाने आत सरकतात, त्यामुळे जोडीदारांचा फायदा दुहेरी.

कोलोरॅडोच निवडायचं कारण साधं आहे. जगातला एल्कचा सर्वात मोठा कळपसमूह इथे आहे, सुमारे २,८०,००० जनावरं, आणि शिकारीला खुली असलेली सरकारी जंगलंही भरपूर आहेत. परवाना ‘कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ हा राज्याचा विभाग देतो. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण करावा लागतो. बरेच परवाने सोडतीने, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखे, वाटले जातात आणि तिचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. ऑक्टोबरची शिकार फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरवायची असते, आणि नवखे बहुतेक इथेच चुकतात. सोडतीशिवाय मिळणारे नराचे परवाने पश्चिमेकडच्या अनेक युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या भागांत) रायफलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामाला असतात. पण नियम बदलत राहतात, त्या वर्षाची पुस्तिका वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

नवख्याने सोडतीत मादीचा परवाना मागावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नरासाठी बहुतेक युनिटांत एका शिंगाला किमान चार टोकं किंवा पाच इंचांचं कपाळटोक (शिंगाच्या बुडाशी, कपाळाजवळ फुटणारं टोक) असावं लागतं. पहाटेच्या अंधुक उजेडात, झाडीतून, धडधडत्या छातीने ती मोजणं सोपं नाही. मादीचं मांसही कोवळं असतं.

एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींसाठी महत्त्वाचं: अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा व्हिसाधारकांना बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार-परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली की तो आधारही जातो. बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाकडून खात्री करून घ्या.

रायफलबद्दल फार घोळ नको. .२७०, .३०८ किंवा .३०-०६, यांतली जी नीट हाताळता येते ती चांगली. गोळी १५० ते १८० ग्रेन वजनाची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आत शिरून फुलणारी पण तुकडे न होणारी. २०० यार्डांवर नेम बसवून घ्या आणि मग बंदूक टेकवायचं टेबल सोडून बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने सराव करा, कारण डोंगरात टेबल नसतं. कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे.

आता वारा. एल्कच्या नजरेला फसवता येतं, नाकाला नाही. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर जाऊ लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून सकाळी कळपाच्या खालच्या अंगाने जावं आणि ऊन तापायच्या आत वरची बाजू धरावी. हवा पालटते तो अर्धा-पाऊण तास सर्वात वाईट. ती कुठेही फिरते, तेव्हा बसून राहावं. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवून सतत चिमूटभर उडवत जा. पहाटे कळप कुरणात चरतो, दिवसा उत्तर उतारावरच्या दाट झाडीत बसतो. त्या झाडीत घुसून त्याला उठवलं तर तो कित्येक मैल दूर जातो.

नेम फक्त आडव्या उभ्या जनावरावर, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेला. गोळी लागूनही एल्क पळतो. जागा डोळ्यांत पक्की धरा, अर्धा तास थांबा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात लागली आहे. अशा वेळी पाच-सहा तास थांबावं, नाहीतर जखमी जनावर उठून हाताबाहेर जातं.

पडल्यावर पहिलं काम परवान्याचा टॅग सही करून लावणं, दुसरं कातडं काढणं. एल्कचं कातडं इतकं जाड असतं की बर्फातही आतली उष्णता कोंडते आणि मागच्या मांडीत हाडालगत मांस आंबतं. पोट न फाडता एका कुशीचं कातडं सोडवा, पुढचा फरा, मागची मांडी, कण्यालगतची लांब पट्टी आणि मानेचं मांस काढा, मग जनावर उलटवून दुसरी बाजू. नर की मादी हे दाखवणारा अवयव मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या चिकटलेला ठेवणं कायद्याने लागतं. मांस सुती पिशव्यांत, सावलीत, फांदीला टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद असल्याने घरातून हे शिकायला मिळत नाही. तेव्हा हंगामाआधी खाटकाकडून अख्खा बोकड आणून त्याचे सांधे सोडवून पाहा.

मांस घरी आल्यावर लगेच रस्सा चढवू नका. कोलोरॅडोतल्या हरणांत आणि एल्कमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा रोग आढळतो, आणि तो दिसायला धडधाकट जनावरातही असू शकतो. डोकं तपासणी केंद्रावर द्या, त्या जनावराचं मांस वेगळं, नाव-तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा. रोग निघाला तर ते मांस खाऊ नये, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. अहवाल येईपर्यंत शेजाऱ्यांनाही वाटू नका.