अकरा महिन्यांच्या लेकीसह समुद्रावर: कोल्हापूर, मुंबई आणि बोटीने गोवा

कोल्हापूरहून गोव्याला जायचे म्हणजे निपाणी, आजरा करीत आंबोलीचा घाट उतरायचा आणि सावंतवाडीवरून पुढे जायचे, हा आमच्या घरातला ठरलेला रस्ता. तोच गोवा गाठण्यासाठी आधी रात्रभर आगगाडीने मुंबईला जायचे आणि तिथून बोटीत बसून पुन्हा दक्षिणेला यायचे, हा बेत मी सांगितला तेव्हा सासूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “अगं, पोरगी अजून पाऊल टाकत न्हाई, आणि तिला दर्यात न्यायची व्हय?” असे त्या म्हणाल्या. त्यांचे माहेर देवगडचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ही हकिकत त्यांनी लहानपणी वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेली आहे की बोट या शब्दाबरोबर त्यांना आधी तीच आठवते. त्यांची भीती मला खोडून काढायची नव्हती. मी त्यांना एवढेच म्हटले, की तुम्हीही आमच्याबरोबर चला आणि जिथे तुम्हाला धोका दिसेल तिथे मला थांबवा. पुढचा सगळा प्रवास मी त्यांच्या त्या नजरेतून पाहिला आणि त्याचा फार उपयोग झाला.

बोटीचा विचार माझ्या मनात आला तो मे महिन्यातल्या एका मोटारप्रवासानंतर. धाकटी तेव्हा चार महिन्यांची होती आणि थोरला पाच वर्षांचा. घाटात थोरल्याला तीनदा उलटी झाली, धाकटी रडून रडून लाल झाली, दूध पाजायला दर तासाला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा सगळे सामान उघडून नव्या खोलीत तिला झोपवण्याची खटपट सुरू झाली. अंगावर पिणाऱ्या बाळाला प्रवासापेक्षा जागा बदलण्याचा त्रास अधिक होतो, हे मला त्या दिवसांत नीट कळले. बोटीवर खोली एकच राहते, अंथरूण तेच राहते आणि गाव मात्र बदलते, त्यामुळे बाळाच्या दृष्टीने ती प्रवासाची सर्वांत सोपी रीत असावी, असा माझा अंदाज होता. तो बराचसा खरा ठरला, पण त्यासाठी काही गोष्टी आधी ठरवाव्या लागल्या.

पहिली गोष्ट वयाची. परदेशांतल्या बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या, म्हणजे बोटीच्या सफरी काढणाऱ्या कंपन्या, सहा महिन्यांखालील बाळाला बोटीवर घेतच नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग तीन-चार दिवस बंदर न लागणाऱ्या सफरींसाठी ही अट अनेक ठिकाणी बारा महिन्यांची असते. ही अट मला जाचक वाटत नाही. बोटीवर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण बालरोगतज्ज्ञ आणि नवजात बाळासाठी लागणारी साधने तिथे मिळतील, असे गृहीत धरता येत नाही, आणि खोल समुद्रातून रुग्णालयात पोहोचायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. आमच्या राजारामपुरीतल्या बालरोगतज्ज्ञांनी आणखी एक मुद्दा सांगितला. आपल्याकडे गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणून हजारो माणसे एकाच छपराखाली असलेल्या ठिकाणी बाळाला त्यानंतरच न्यावे. त्यामुळे ऑक्टोबरचा विचार सोडून आम्ही डिसेंबर धरला. पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र तोवर शांत झालेला असतो, हा दुसरा लाभ.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. माझ्या यजमानांना लक्षद्वीपला जायचे होते आणि मलाही त्याची ओढ होती. पण तिथे मोठी बोट बेटाला लागत नाही. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरून किनाऱ्यावर जावे लागते. कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी आणि पायाखाली एकाच वेळी वरखाली होणाऱ्या दोन बोटी, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर मी नको म्हटले. गोव्यात मुरगाव बंदरात बोट थेट धक्क्याला लागते आणि शिडीवरून चालत उतरता येते. लक्षद्वीप आम्ही धाकटी चार वर्षांची होईपर्यंत पुढे ढकलले आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी अंबाबाईचे दर्शन घेतले आणि रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. सकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का अगदी जवळ आहे, पण प्रवेश दुपारी असल्यामुळे मधल्या वेळेसाठी आम्ही स्टेशनाजवळ एक खोली घेऊन ठेवली होती. रात्रभर गाडीत काढलेल्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे आणि दोन तास निवांत झोपवणे, यासाठी केलेला तो खर्च मला अजिबात जड वाटला नाही. धक्क्यावर सामानाची तपासणी आणि ओळखपत्रांची रांग मिळून दीड तास गेला. धाकटीचे निळे बाल आधार कार्ड यजमानांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते आणि ती ट्रंक आधीच आत गेली होती, म्हणून ती परत आणवेपर्यंत आम्ही बाजूला उभे राहिलो. बाळाची कागदपत्रे, दोन वेळचे अन्न, औषधे आणि डायपर हे सगळे अंगाजवळच्या पिशवीतच हवे, कारण मोठे सामान खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते.

बोटीवर पाऊल ठेवल्यावर बहुतेक मंडळी जेवणाच्या दालनाकडे वळली. सासूबाई मात्र खोलीचे कपाट उघडून लाइफ जॅकेटे मोजू लागल्या. सगळी मोठ्या माणसांची होती. मी मदतनिसाला बोलावून विचारले तेव्हा त्याने दोन्ही मुलांची वजने विचारून घेतली आणि वेगवेगळी जॅकेटे आणून दिली. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंधरा किलोच्या आतल्या बाळासाठी एक प्रकार आणि पंधरा ते त्रेचाळीस किलोपर्यंतच्या मुलांसाठी दुसरा प्रकार असतो, आणि चोवीस तासांहून अधिक लांबीच्या प्रवासात बोटीवरच्या प्रत्येक बाळासाठी त्याचे जॅकेट असणे बंधनकारक आहे. धाकटी साडेआठ किलोची, थोरला सतरा किलोचा. जॅकेटे खोलीत ठेवून आम्ही थांबलो नाही, दोघांना ती घालूनही पाहिली. मानेमागची गादी हनुवटीला लागल्याबरोबर धाकटीने आकांत मांडला, पण कोणता पट्टा कुठून घ्यायचा हे माझ्या हातांना त्या पाच मिनिटांत कळले.

त्यानंतर सुरक्षेची कवायत झाली. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की आपापल्या नेमून दिलेल्या जागी जमायचे, एवढाच तिचा गाभा आहे. पूर्वी ही कवायत बोट सुटल्यावर चोवीस तासांत केली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली आणि बत्तीस माणसे दगावली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आमच्या आजूबाजूची काही तरुण जोडपी कंटाळून मोबाइल पाहत होती. सासूबाई मात्र पहिल्या ओळीत उभ्या राहून प्रत्येक शब्द ऐकत होत्या आणि शेवटी त्यांनी अधिकाऱ्याला विचारले, की आई एकीकडे आणि मूल खेळघरात दुसरीकडे असेल तर कोणी कोणाकडे धावायचे. त्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले: खेळघरातल्या मुलांना तिथले कर्मचारीच नेमलेल्या जागी आणतात, पालकांनी गर्दीच्या उलट दिशेने धावू नये. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

बोट सुटली तेव्हा उन्हे कलली होती. कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्सचे दीपगृह मागे पडले आणि मी थोरल्याला सांगितले, की पुढे याच किनाऱ्यावर महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला खांदेरी आहे, आणि आपला पन्हाळा व तो खांदेरी आता युनेस्कोच्या एकाच यादीत आहेत. आजवर बोट म्हणजे रंकाळ्यातली पायाने चालवायची बोट, एवढेच ज्याला माहीत होते, त्याने मला विचारले, “आई, हिची पायडलं कोण मारतंय?”

धाकटीच्या दिनक्रमाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण निघण्याआधी मला हेच कोणी सांगितले नव्हते. खोलीत शेगडी, पाणी तापवायची सळई, इस्त्री यांतले काहीच चालत नाही, आणि आगीच्या भीतीने ते योग्यच आहे. त्यामुळे न्हाणे झाल्यावरची धुरी नाही आणि सासूबाईंच्या पूजेतले निरांजनही नाही. त्यांनी तीन दिवस केवळ फुलाने आणि हात जोडून पूजा केली. न्हाणीघर अगदी अरुंद असते. तिथे टबाची अपेक्षा न ठेवता आम्ही हवा भरायचा छोटा टब नेला होता, आणि तोच सर्वांत उपयोगी पडला. नाचणी सत्त्व आणि मेतकूट घरून नेले, उकळलेले पाणी जेवणघरातून थर्मासमध्ये भरून आणले आणि तिथल्या आचाऱ्याला विनंती केल्यावर बिनमिठाची, बिनतिखटाची मूगखिचडी दोन्ही वेळा मऊ घोटून मिळाली. पाळणा मात्र आरक्षण करतानाच मागून ठेवावा लागतो, कारण बोटीवर त्यांची संख्या मोजकी असते.

पोहण्याच्या तलावात डायपरची मुले उतरवू देत नाहीत, अगदी पाण्यात घालायचा खास डायपर असला तरी. एक आई यावरून तिथल्या कर्मचाऱ्याशी वाद घालत होती. मला नियमच बरोबर वाटला. अतिसार करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरिनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतो, आणि लहान मुले तलावाचे पाणी हमखास गिळतात. त्याच कारणासाठी मी हात धुण्यावर फार कटाक्ष ठेवला. बोटीवर जागोजागी हातावर घ्यायचे अल्कोहोलचे द्रव ठेवलेले असते, पण उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमी पडतो आणि साबण-पाणीच खरे काम करते. ओआरएसची पाकिटे बरोबर होतीच.

गॅलरीच्या दाराला आम्ही वरची कडी लावून ठेवली आणि तिथल्या दोन्ही खुर्च्या खोलीत आणल्या. पाच वर्षांचा मुलगा खुर्चीवर चढून कठड्यावरून वाकायला क्षणही लागत नाही. सासूबाईंनी रात्री उठून ती कडी दोनदा तपासली.

मला चिंता होती ती धाकटीच्या मळमळीची, आणि त्रास झाला थोरल्याला. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट लागण्याचे प्रमाण फार कमी असते, तर दोन ते बारा या वयात ते सर्वाधिक असते. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल सांगत असते आणि बंद खोलीत डोळे मात्र सगळे स्थिर असल्याचे सांगतात, त्या विसंगतीतून मळमळ होते. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात म्हणून आम्ही खोल्या तशाच घेतल्या होत्या, तरी दुसऱ्या रात्री, गोव्याहून परतताना, वारा वाढला आणि थोरल्याला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे ॲव्होमिन या मळमळीवरच्या औषधाची मात्रा लिहून दिली होती आणि ती त्रास सुरू होण्याच्या आधी द्यायची, असे बजावलेही होते. समुद्र पहिल्या रात्री शांत होता म्हणून मी ती दिली नाही, ही माझी चूक. मग त्याला घोंगडीत गुंडाळून उघड्या डेकवर नेले, दूरच्या मासेमारी होड्यांच्या दिव्यांकडे बघायला लावले आणि चमच्या-चमच्याने ओआरएस पाजले. तासाभराने तो शांत झाला. घाटात अनेक घरांत लहान-मोठ्या सगळ्याच मुलांना ॲव्होमिनची अर्धी गोळी देऊन मोकळे होतात, म्हणून एक सांगते: ते औषध दोन वर्षांखालच्या बाळाला देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. धाकटी त्या रात्री सलग आठ तास झोपली, जे घरी आजवर एकदाही घडले नव्हते.

गोव्याचा दिवस आम्ही लहान ठेवला. सगळी बोट दिवसभराच्या सहलींसाठी निघाली तेव्हा आम्ही टॅक्सीने जवळच्या बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेलो, धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा ओली वाळू मुठीत धरली आणि लगेच तोंडात घातली, आणि ऊन चढायच्या आत आम्ही परतलो. त्या दुपारी रिकाम्या बोटीवर जी शांतता मिळाली तिच्यासाठी मी हा प्रवास पुन्हा करीन. खेळघरात थोरल्याखेरीज दोनच मुले होती आणि जेवणघरात रांग नव्हती. धाकटीला सासूबाईंच्या मांडीवर झोपवून मी आणि माझे यजमान अकरा महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर बसून, घाई न करता जेवलो. खेळघरात तीन वर्षांपुढची, स्वतः शौचाला जाणारी मुलेच घेतात, हे मात्र लक्षात असावे. तान्ह्या बाळाला बोटीवर सांभाळणारे माणूस आपणच बरोबर न्यावे लागते, आणि आमच्याबरोबर सासूबाई नसत्या तर हे जेवण झाले नसते.

मुंबईला उतरल्यावर दिवसभर आम्हा मोठ्यांना पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटत होती. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये धाकटी गाडी सुटताच झोपली. पहाटे मिरजेच्या आसपास जाग आली तेव्हा सासूबाई खिडकीशी बसून थोरल्याला रामदास बोटीची गोष्ट सांगत होत्या, आणि ती संपल्यावर त्याने आपल्या छातीवर बोटाने पट्टे कुठून कुठे बांधायचे ते त्यांना करून दाखवले.