बारावीनंतर बीबीए की बीएमएस? आधी सीईटीचं बघा

भाचीच्या ॲडमिशनसाठी सध्या हेच वाचतोय, म्हणून लिहितो. २०२४ पासून बीबीए, बीएमएस हे मॅनेजमेंटचे डिग्री कोर्स एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) खाली आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा लागली, त्यामुळे नुसत्या बारावीच्या मार्कांवर कॉलेज मिळेल असं धरून बसू नका. पेपर तसा झेपण्यासारखा आहे, १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, इंग्लिश आणि रीझनिंगवर जास्त भर, गणिताचा वेगळा सेक्शन नाही, म्हणजे आर्ट्सवाल्यांनीसुद्धा बिनधास्त द्यावा.

आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम (बारावीनंतर थेट मॅनेजमेंटचा कोर्स) मात्र वेगळंच प्रकरण. तिथल्या आयपीमॅट या प्रवेश परीक्षेत गणित चांगलंच घाम काढतं, अकरावीपासून तयारी असेल तरच त्या वाटेला जा, आणि फीसुद्धा घरात बसून नीट बोलून घ्या. नरसी मोनजीची एनपॅट, सिम्बायोसिसची सेट, या प्रवेश परीक्षा परत वेगळ्या.

अजून एक, सीईटी आल्यावर मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, तिथे सीईटी लागत नाही आणि विषय बरेचसे तेच, सीईटी हुकली असेल तर हे नक्की बघा. मला तर खाजगी युनिव्हर्सिटीत लाखो ओतण्यापेक्षा हेच पटतं.