किडे ठेवायचे, खडे टाकायचे

तांदूळ निवडताना खडा आणि किडा दोन्ही जातात. ओढ्यातले जीव मोजून त्यावरून पाणी किती स्वच्छ आहे ते ठरवायच्या हंगामी कामात मात्र किडा ठेवून बाकी सगळं टाकायचं. मान तेवढीच अवघडते.

इंदूरच्या आसपास हा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. पुरात दगड लोळतात आणि त्यांच्या आधाराने राहणारे जीवही वाहून जातात, म्हणून शेवटच्या मोठ्या पावसानंतर तीन-चार आठवडे थांबलेलं बरं. पुढे उन्हाळ्यात खळाळ आटून नुसते डोह उरतात, आणि डोहातल्या गणतीची तुलना खळाळातल्या गणतीशी करता येत नाही.

जाळी ०.५ मिलिमीटर छिद्रांची. खालच्या अंगाने वर चढत जायचं, नाहीतर आपणच ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येतो. जाळीचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून ती तळाला टेकवायची आणि तिच्या पुढ्यातले दगडगोटे पायाने तीन मिनिटं घुसळायचे. मोठे दगड उचलून त्यांची खालची बाजू जाळीत चोळायची. नवखा माणूस इथेच फसतो. कॅडिसफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याच्या अळीने वाळूचे कण रेशमाने चिकटवून बांधलेलं घर त्याला दगडाचाच खवला वाटतं.

पाण्यात पाऊण तास जातो, निवडण्यात दुपार. पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घेऊन त्यात नमुना पसरायचा आणि मिनिटभर हात लावायचा नाही. मग कचऱ्यातला एकेक काडीचा तुकडा चालू लागतो. पोटाच्या कडेला हलणारे कल्ले, बहुधा तीन शेपट्या आणि पायाला एकच नखी असेल तर ते मेफ्लाय या किड्याचं पिल्लू. दोन शेपट्या आणि दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय या दुसऱ्या किड्याचं. चतुराचं पिल्लू दिसताच वेगळं काढावं, ते शेजाऱ्यांना खाऊन आपली गणती बिघडवतं. खरी खोट मात्र आपल्या डोळ्यांत असते: मोठं आणि हलणारं आधी उचललं जातं, बारीक आणि निपचित पडलेलं राहून जातं. म्हणून ट्रेवर चौकोन आखावेत, चिठ्ठी टाकून एक निवडावा आणि तो पूर्ण रिकामा केल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.

पाण्याच्या स्वच्छतेचे गुण डोई मोजून मिळत नाहीत, ते किड्यांच्या कुळाला मिळतात; घाण पाणी ज्याला सोसत नाही त्याला जास्त. एक सापडो वा शंभर, दगडाला चिकटून बसणाऱ्या चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०, बेटिडी कुळातल्या मेफ्लायला ४, कायरोनोमिड या डासासारख्या माशीच्या अळीला २ आणि गाळातल्या बारीक कृमींना १. बेरजेला सापडलेल्या कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी येते; ती जितकी जास्त, तितकं पाणी स्वच्छ. ऑक्सिजनचं यंत्र फक्त त्या घटकेचं सांगतं, आणि शेवाळ असेल तर दुपारी भलतंच गोड बोलतं. स्टोनफ्लायचं पिल्लू मात्र कित्येक महिने त्याच पाण्यात काढलेलं असतं.

इंदूरजवळच्या महूपाशी विंध्याच्या कडेवर पाण्याच्या वाटण्या होतात. चोरल दक्षिणेला नर्मदेत उतरते. कागदावर कान्ह आणि बोलण्यात खान असलेली नदी इंदुरातल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या समाध्यांजवळून, उत्तरेला क्षिप्रेकडे जाते. २०२१ मध्ये इंदूरला देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरवलं गेलं. ते सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दल होतं, गाळाला कुणी विचारलं नव्हतं. एकच जाळी दोन्ही नद्यांवर न्यायची असेल तर मधे धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून घ्यावी, नाहीतर खानचे किडे चोरलच्या खात्यात जमा होतात.

निवडलेले जीव ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बदलायचं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायची. पेनाची शाई उतरते. कायरोनोमिड अळ्यांपैकी काही लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि त्यावर त्या ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तग धरतात. त्या ट्रेमध्येच मोजून वहीत लिहाव्यात. अल्कोहोलमध्ये तो लाल रंग उतरतो आणि बाटलीत सगळ्याच सारख्या पांढुरक्या दिसायला लागतात.