विंगेतली जागा

या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'बालकलाकार ते दिग्दर्शक' असा मथळा मला सुचविण्यात आला. तो कानाला बरा वाटतो. मात्र त्यात माझी दोन वर्षे गळून पडतात, ज्या वर्षांत मी रंगमंचावरही नव्हतो आणि प्रेक्षकांतही नव्हतो.

पाचवी ते सातवी मी शाळेच्या प्रत्येक नाटकात असे. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात बालनाट्यातल्या विदूषकाचे काम केल्यावर तर पेठेतले लोक मला त्याच नावाने हाक मारू लागले. (१९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाल्याचे कळले, तेव्हा मला सर्वांत आधी आठवला तो तिथल्या विंगेतला जुन्या लाकडाचा आणि रंगाचा वास.)

आठवीत आवाज फुटला. लहान मुलाचे संवाद माझ्या तोंडी शोभेनात आणि मोठ्यांच्या भूमिकांना मी पुरत नव्हतो, म्हणून मराठीच्या बाईंनी माझ्या हाती संहिता आणि बॅटरी देऊन मला प्रॉम्प्टिंगला, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या विंगेतून नटांना विसरलेले वाक्य सांगायला, उभे केले. मला ती शिक्षाच वाटली. पहिल्याच प्रयोगात आईचे काम करणारी मुलगी पत्र वाचून थबकली. ती वाक्य विसरली असे समजून मी ते इतक्या मोठ्याने सांगितले की पुढच्या रांगा हसू लागल्या. ती विसरली नव्हती, तिने पॉज घेतला होता. बाई रागावल्या नाहीत. "तू वहीकडे बघत होतास, तिच्याकडे नाही," एवढेच म्हणाल्या. त्यानंतर दोन वर्षे मी नटांचे हात, मान आणि श्वास पाहत राहिलो. विसरलेल्या नटाची नजर नकळत विंगेकडे वळते. पॉज घेतलेल्याची जिथल्या तिथे राहते.

कोल्हापुरात १९२९ मध्ये जन्मलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्याच जुन्या आवारातील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मी संकलन शिकलो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि सेकंदाला २४ सरकतात, म्हणजे दीड फूट फिल्म संपली की एक सेकंद संपतो. पॉज हातात धरून मोजता येतो हे मला तिथे संकलनाच्या टेबलावर कळले, आणि त्या मुलीचा पॉज साधारण साडेचार फुटांचा असावा, असा हिशेबही मी मनाशी मांडला.

पुढे सहायक म्हणून बरीच वर्षे गेली. त्यांत सांगण्याजोगे थोडेच आहे. गेल्या वर्षी माझ्या चित्रीकरणात दहा वर्षांचा एक मुलगा संवादाच्या मधोमध थांबला. सहायक त्याला वाक्य सांगण्यासाठी पुढे सरसावला, तेव्हा मी त्याला हातानेच अडवले. कॅमेरा चालू राहिला. मुलाने ओठ मिटले, खिडकीबाहेर पाहिले आणि मग वाक्य पुरे केले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, मी खरंच विसरलो होतो." म्हणजे मी पुन्हा चुकलो होतो, तो टेक मात्र मी चित्रपटात ठेवला आहे.